मागे २० दाते

दर्यापूर

चि. प्रांजली,
अनेक आशीर्वाद.

हरिसालच्या बाजूची तुझी टपालाची वाट चढ-उताराची आहे, सायकल जड जाते, आणि दुकानदार मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी मागची दातेरी चकती, टाका म्हणतो, हे तू परवा सांगितलंस. पोरी, ते टाकू नकोस, २० दात्यांचं टाक. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत म्हणून लिहिते.

तुझ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत असं धरते. पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे साधारण २.४४ वेळा फिरतं. २६ इंची चाकाचा घेर टायरसकट दोन मीटरच्या थोडा वर. म्हणजे एका फेरीत तू पाच मीटर पुढे जातेस. मागे १६ टाकलं तर ५.७ मीटर, २० टाकलं तर साडेचार.

एका फेरीत जास्त अंतर गेलं म्हणजे वेग वाढला, हे सपाटीवर आणि वारा पाठीशी असताना खरं. चढावर तू ताशी आठ किलोमीटरने जात असशील. तेव्हा १६ वर मिनिटाला जेमतेम २३ फेऱ्या होतील आणि प्रत्येक फेरी गुडघ्यातून काढावी लागेल. २० वर २९ फेऱ्या होतात आणि पायावरचा जोर आत्ताच्यापेक्षा दहा टक्के कमी लागतो. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण कॅरिअरवर पार्सलं आणि खांद्याला पिशवी असली की कळतात.

आपल्या खारपाणपट्ट्यात जमीन ताटासारखी, म्हणून मला १८ बरं पडतं. इथे मला जड जातो तो पऱ्हाटीच्या वावरांवरून समोर येणारा वारा. तुला तिकडे रपटा ओलांडला की लगेच चढ. माझा गिअर तुला लागू नाही.

मग २२ का नको? सपाट तुकड्यावर ताशी वीसने जायचं तर २२ वर मिनिटाला ८० फेऱ्या माराव्या लागतील, २० वर ७३. रोजच्या कामात हा फरक थकवतो. सगळ्यात उभ्या चढावर तू तशीही उतरून ढकलणार, त्या एका चढासाठी बाकीची वाट कशाला बिघडवायची? उतरण्यात कमीपणाही नाही. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत चालता चालता गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी नव्हती. चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावून, घाट आला की तिथले पट्टीचे गडीसुद्धा उतरून चाक उलटं बसवत.

दादा म्हणतो ते फिक्स मात्र अजिबात नको. त्यात फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. तुझ्या उतारावर ताशी तीसचा वेग आला तर २० दात्यांवर पाय मिनिटाला ११० वेळा फिरतील, आणि वळणावर पायडल आडवं धरून थांबता येणार नाही. ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्यांचं ते काम. पावसात शेवाळलेल्या रस्त्यावर टपाल घेऊन जाणाऱ्या माझ्या पोरीचं नाही.

फ्रीव्हील बदलण्याआधी सीट बघ. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर कुठलाही गिअर जडच लागतो. टायरमध्ये हवा भरपूर ठेव.

जुनं फ्रीव्हील चालवून चालवून आट्यांवर घट्ट बसलेलं असतं. त्याच्या खाचांत बसणारं काढायचं साधन ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच जा, छिन्नी-हातोडा मारू देऊ नकोस. चेन तीच चालेल. दोन दाते वाढले की मागचं चाक साधारण सहा मिलिमीटर पुढे सरकवून बसवावं लागतं, तेवढी जागा फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाचा आस बसतो तिथे आहे का ते आधी बघून घे. चाक सरकलं की ब्रेकचे रबर रिमवर नीट बसतात का, हेही तपासून घे.

हे सगळं करण्याआधी पुढच्या एका दात्याला खडूची खूण कर आणि दाते मोजून मला कळव. ४४ ऐवजी ४८ निघाले तर मागे २० पुरणार नाही, २२ च घ्यावं लागेल.

तुझी,
आई