संप मागे घेताना आमचे मत कुणी विचारले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ३१ वर्षे काढून मी निवृत्त झालो. या काळात किती काळ्या फिती लावल्या, किती लेखणीबंद आणि किती बहिष्कार झाले, याचा हिशेब आता लागत नाही. घोषणा मात्र अजून पाठ आहेत. पण ज्या समझोत्यावर आंदोलन मागे घेतले गेले तो तुम्हाला पटतो का, असे या ३१ वर्षांत मला एकदाही कोणी विचारले नाही.

हे असेच असते, असे मी धरून चाललो होतो. २०२२च्या डिसेंबरात भाचीचा फोन आला आणि मी जरा चमकलो. ती कॅलिफोर्नियात सांताक्रूझला पीएच.डी. करते आणि पोटापाण्यासाठी तिथेच मुलांचे तास घेते, पेपर तपासते. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे सरकारी विद्यापीठ, त्याची दहा संकुले. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या ४८ हजार जणांनी एकाच दिवशी काम बंद केले होते. अध्यापन सहायक, संशोधन सहायक, पोस्टडॉक (पीएच.डी. झाल्यावर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करणारे), संशोधक असे सगळे. गंमत म्हणजे यांची संघटना मूळची मोटार कामगारांची. पेपर तपासणारी माझी भाची आणि डेट्रॉइटच्या कारखान्यात नटबोल्ट आवळणारा कामगार एकाच झेंड्याखाली, हे ऐकून आमच्या घरी बरीच करमणूक झाली.

पोस्टडॉक आणि संशोधकांचा करार आधी झाला, त्यांनी मत देऊन तो मंजूरही केला. उरलेल्या ३६ हजारांचा मसुदा १६ डिसेंबरला तयार झाला. सॅक्रामेंटोच्या महापौरांनी त्यात मध्यस्थी केली होती. आपल्याकडे एवढे झाले असते तर त्याच संध्याकाळी गुलाल उधळला गेला असता. तिथे प्रतिनिधींनी सह्या केल्या आणि मसुदा सभासदांपुढे ठेवला. १९ ते २३ डिसेंबर असे पाच दिवस मतदान चालले. मंजुरी मिळेपर्यंत संप सुरूच राहिला. अध्यापन सहायकांमध्ये सुमारे ६२ टक्के मते कराराच्या बाजूने पडली, संशोधन सहायकांमध्ये सुमारे ६८ टक्के. म्हणजे तीन-चार जणांमागे एकाने तरी नकार दिला होता, आणि हा नकार कोणी दडवला नाही. आकडे सगळ्यांसमोर आले.

भाचीने फोनवर सांगितले, “मामा, मी विरोधात मत दिलं.” मला वाटले, आता ही रडणार. कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. मागणी वर्षाला किमान ५४ हजार डॉलरची होती. करारात मिळाले ते सुमारे २३ हजारांवरून ३४ हजार, तेही टप्प्याटप्प्याने, ऑक्टोबर २०२४ पर्यंत. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांना ३६,५००. सांताक्रूझचे घरभाडे अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या भाड्यांत मोडते, पण ते या वरच्या पंक्तीत बसले नाही. तिथल्या बहुसंख्यांनी याही वेळी नकारच दिला. याआधीचा २०१८चा करारही त्यांनी नाकारला होता, पण राज्यभरच्या मतांत तो मंजूर झाला. पुढच्या वर्षी त्यांनी संघटनेला न विचारता विद्यार्थ्यांचे गुण अडवून ठेवले आणि त्यात पन्नासहून अधिक जणांची कामे गेली. मतदान घेतले म्हणून सगळे खूश होतात, असे मी म्हणतच नाही. मी तिला विचारले, “मग आता?” ती म्हणाली, “आता वर्गावर जायचं. बहुमत झालंय ना.”

आता आपल्याकडचे पाहा. २०२३च्या फेब्रुवारीत राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप पुकारला. रद्द झालेली आश्वासित प्रगती योजना (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) पुन्हा लागू करा, १०-२०-३० वर्षांच्या सेवेनंतरचा लाभ द्या, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या, रिक्त जागा भरा, अशा मागण्या होत्या. पुढच्याच महिन्यात, १४ मार्चला, जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. नेते मुख्यमंत्र्यांना भेटले आणि २० मार्चला संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या नोकरीतल्या पोरांना ते टीव्हीवरून कळले. काही जण तर तोपर्यंत मोर्च्याच्या टोप्या घालूनच बसले होते.

माझा स्वतःचा अनुभव त्याहून जुना आहे. संघटनेचे किंवा विद्यापीठाचे नाव घेत नाही, कारण माणसे चांगली होती. शिष्टमंडळ मंत्रालयातून रात्री परत आले. सकाळी गेटवर सभा झाली, हार झाले, पेढे वाटले. “सर्व मागण्या तत्त्वतः मान्य!” आम्ही टाळ्या वाजवून आपापल्या टेबलावर गेलो. बैठकीचे इतिवृत्त हातात पडायला पुढे तीन महिने लागले. त्यात प्रत्येक मागणीसमोर लिहिले होते, ‘वित्त विभागाच्या सहमतीने तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल.’ संपादक महोदय, विद्यार्थ्यांच्या अर्जांवर हेच वाक्य मी हयातभर लिहीत आलो आहे. त्याचा अर्थ मला कळणार नाही तर कोणाला कळणार? ते कागद मला त्या सकाळी गेटवर दाखवले असते, तर मी पेढा घेतला नसता.

कोणी म्हणेल, आपल्याकडे असा करारच नसतो. आपल्याकडे वेतन आयोग असतो, शासन निर्णय असतो. खरे आहे. पण म्हणूनच माझा आग्रह आहे. करार मोडला तर दाद मागता येते. इतिवृत्तातल्या आश्वासनाचे तसे नाही. हातातले एकमेव हत्यार खाली ठेवायचे ते अशा आश्वासनावर, आणि तो निर्णय पाच-सात जण मंत्रालयाच्या कुठल्याशा मजल्यावर उभ्या-उभ्या घेतात.

महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्यातली एक तरतूद मला नेहमी विचारात पाडते. मान्यताप्राप्त संघटनेला संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो, नाही घेतला तर संप बेकायदा ठरतो. कायदा केला तो मुख्यतः कारखानदारी डोळ्यांपुढे ठेवून. पण त्यातही संप सुरू करताना सभासदाची अक्कल हवी आणि समझोता स्वीकारताना नको, असेच दिसते.

आमचे नेते म्हणतात, मतदानात वेळ जातो, तोवर माणसे फुटतात, सरकार पगार कापते. पगार कापला जातो हे मला कोणी सांगायला नको, मी तो कापून घेतला आहे. पण वाटाघाटी करणाऱ्याच्या हातात उलट एक पान वाढते. सचिवांनी दबाव आणला की “हे मला परवडेल, पण माझे लोक पाडतील” असे त्याला खरेपणाने म्हणता येते. आज त्याला तसे म्हणताच येत नाही, कारण समोरच्यालाही ठाऊक असते की हा आपल्या लोकांना विचारणारच नाही. आणि माणसे फुटण्याचेच म्हणाल तर न विचारता संप मागे घेतल्यावर ती जास्त फुटतात. एका विद्यापीठात तीन-तीन संघटना उगाच झालेल्या नाहीत.

निकाल अडला की शिव्या विद्यार्थी आणि पालक देतात, मंत्री नव्हे. त्या मी खिडकीत बसून खाल्ल्या आहेत. म्हणून आंदोलन लांबवा असे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. पुढच्या वेळी इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत येईपर्यंत थांबा, ती सूचनाफलकावर लावा, तीन दिवस द्या, आणि शिपाईमामांपासून कक्षाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला चिठ्ठी टाकू द्या. गेटवर हात वर करायला लावू नका. साहेब बघत असताना आणि अध्यक्ष माईकवर असताना हात कोणाचा कसा वर जातो, हे आपल्याला माहीत आहे.

हे जमणार नाही, असे मात्र विद्यापीठातल्या माणसाने म्हणू नये. अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत पसंतीक्रमाची किचकट मते रात्रभर जागून आम्हीच मोजतो. त्या मतपेट्या स्टोअरमध्ये पुढच्या निवडणुकीपर्यंत रिकाम्याच पडून असतात.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षकेतर कर्मचारी, सातारा