टांगत्या टोपलीविषयी मित्रास पत्र

पुणे,
१८ ऑक्टोबर

प्रिय मकरंद,
स. न. वि. वि.

बाल्कनीत टांगायला काय लावू, असं विचारलंस आणि वर 'कमी कटकटीचं सांग' हेही बजावलंस. तुझी बाल्कनी पूर्वेची, सकाळचं ऊन चांगलं चार-पाच तास मिळतं. तेव्हा डोळे झाकून पेटुनिया लाव. आत्ता लावलेली रोपं थंडीभर फुलतील. मार्च-एप्रिलात ऊन तापलं की ती मान टाकतील, तेव्हा त्यांना जगवत बसू नकोस. त्याच टोपलीत चिनी गुलाबाच्या काड्या खोच. त्याला उन्हाळाच मानवतो.

टोपली काथ्याची घे आणि बारा इंची घे. नर्सरीत त्या आठ इंची गोंडस टोपल्या दाखवतील, त्या दुपारपर्यंत कोरड्या ठाक होतात. काथ्याला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून आत दुधाच्या पिशव्या कापून अंथर आणि तळाला चार-पाच भोकं पाड. नुसती माती भरू नकोस, ती भिजली की जड होते आणि वाळली की दगडासारखी बसते. निम्मं कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात गांडूळखत आणि माती सारखी, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी बादलीत भिजत टाक.

बारा इंचात चार रोपं पुरेत. कडेने लाव, किंचित बाहेर कलती. महिनाभर शेंडे खुडत राहा, हात चिकट होतात पण फांद्या फुटतात. सुकलेलं फूल नुसत्या पाकळ्या ओढून काढू नकोस, देठापासून खुड. नाहीतर झाड बी धरतं आणि फुलं आटतात. कोकोपीटात कस नसतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पातळ खतपाणी हवंच.

पाणी घालायचं की नाही, हे टोपली तळहाताने उचलून बघ. हलकी लागली की घाल. अगदीच वाळली तर कोकोपीट पाणी पीत नाही, घातलेलं सगळं कडेने निथळून जातं. अशा वेळी टोपली उतरवून टबात वीसेक मिनिटं बुडवून ठेव. एरवीही पाणी घालताना खाली बादली धर, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतात!

ओली टोपली सहा-सात किलोंच्या घरात जाते. खिळ्यावर भागवू नकोस. स्लॅबला ड्रिल मारून अँकर फास्टनरचा, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टचा, हुक बसव. ड्रिल माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सतीश