गणेशपेठेतल्या सायलेन्सरवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "हो हो, ठीक आहे जी" म्हणून ठेवून दिला, मागे ग्राइंडर चालू होता, म्हणून इथं लिहून राहिलो. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच म्हटलं होतं नाव टाकू नका, उगाच गर्दी होते अन् हातातलं काम राहते. ज्यांना तुम्ही माहीत आहात त्यांना कळेलच.

आधी तुमच्या त्या प्रश्नाबद्दल. गाडी ट्रॅक्टरसारखी वाजत तुमच्या दारात आणली अन् तुम्ही बोनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "मागे कोण बसते?" मी म्हटलं मुलगी बसते, तिला ट्यूशनला सोडतो, मनीषनगरहून धरमपेठ. "काचा बंद?" आता मे महिन्यात नागपुरात 45 डिग्रीत काचा कोण उघड्या ठेवते भाऊ, एसी फुल. मग तुम्ही विचारलं, "डोकं दुखते का तिचं?"

दुखत होतं ना. चष्म्याचा नंबर तपासून झाला, ऊन लागलं असेल म्हणून पन्हं पाजून झालं, मोबाईल बघते म्हणून आईची बोलणी पण खाऊन झाली बिचारीची. अन् तोवर गाडी इतक्या लोकांना दाखवली, मागे कोण बसते हे एकानंही विचारलं नव्हतं.

त्या लोकांचं काय सांगू. एका ठिकाणी एसी लाउंज, कॉफीचं मशीन, टाय लावलेला मुलगा, त्यानं गाडीखाली न वाकताच टॅबवर बोट फिरवून सांगितलं की पूर्ण एक्झॉस्ट बदला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातला विषारी वायू साफ करणारा डबा), 40 हजारांच्या वर, आणि जुना पार्ट आमच्याकडे जमा होईल. जुना काऊन जमा करायचा ते तुमच्याकडे आल्यावर समजलं, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते अन् भंगारातही त्याला भाव आहे! दुसऱ्या एकानं सकाळची टिकटिक ऐकून टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सांगितले, टॅपेट सेट केले, पैसे घेतले, टिकटिक तशीच. आणखी एकानं सायलेन्सरला पुट्टी थापून वरून पट्टी गुंडाळून दिली, ती वर्धा रोडवरच गळून पडली.

तुम्ही म्हटलं गाडी रात्री ठेवून जा, सकाळी थंड्या इंजिनवर ऐकायची आहे. थंडं असताना वाजते अन् गरम झाल्यावर आवाज कमी होते म्हणजे लोखंड फुगून फट बुजून राहिली, हे टॅपेट नाही, मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या जोडातलं, गॅस्केट फुटलं आहे. मागच्या सायलेन्सरचा जोड गंजून उघडला होता ते वेगळं. गंज बाहेरून नाही, आतून. पेट्रोल जळलं की वाफ होते, एका लिटरमागे जवळपास लिटरभर पाणी, अन् जवळच्या जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर नीट तापतच नाही, मग पाणी आतच बसते. अन् त्या 40 हजारांतल्या कन्व्हर्टरला तुम्ही टॉर्च मारून पाहिलं अन् म्हटलं, "हे चांगलं आहे, याला हात नाही लावत."

दुपारपर्यंत आवाज गेला. दुसरा कोणी असता तर चावी हातात देऊन मोकळा झाला असता. तुम्ही डिक्की उघडली, स्टेपनी काढायला लावली, मॅट उचलली, अन् मला वाकून बघायला सांगितलं. खालच्या पत्र्याला गोल भोक, कडेनं काळी काजळी. रबराचं बूच केव्हाच पडून गेलं होतं. गाडी पळते तेव्हा मागे हवा ओढल्या जाते, धूर तिथून आत, अन् एसी तीच हवा फिरवत बसते. त्यात सुरुवातीची काही मिनिटं कन्व्हर्टर गरम नसते म्हणून धूर पण कच्चाच. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटते अन् डोकं दुखते, हे मी बारावीत पाठ केलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते.

तुम्ही बिस्किटाच्या जुन्या डब्यातून एक बूच काढलं, ते सैल. दुसरं काढलं, ते घट्ट. मग डबाच पालथा केला जमिनीवर अन् उन्हात उकिडवे बसून एकेक लावून पाहत राहिले, तिकडे दोन गिऱ्हाईक हॉर्न मारून राहिले होते. बसलं एकदाचं. वरून अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग पेपरचा कागद डिक्कीत धरून झाकण बंद केलं अन् ओढून पाहिला, कुठून सुटते का. मी विचारलं याचे किती, तर म्हणे "याचे काय पैसे."

बाकी सगळ्याचे तुम्ही घेतले तेही त्या 40 हजारांपुढे काहीच नाही, पण मला घरी येईपर्यंत तो पालथा डबाच दिसत होता. बिलात नसलेलं काम करणारे लोक कमी झाले असं म्हणतात, मला तसं वाटत नाही, ते आहेत, फक्त त्यांची पाटी छोटी असते. बर्डीवर एक घड्याळवाला आहे, तो सेल बदलायच्या आधी काटा अडकला तर नाही ना हे पाहते, अन् अडकला असेल तर सेल विकतच नाही. आमच्याकडची टेलरबाई फॉल लावायला दिलेल्या साडीचा उसवलेला काठ पण शिवून ठेवते, सांगत सुद्धा नाही. अशा लोकांना रेटिंग द्यायला ॲप नाही अन् टाय लावलेला मुलगा मात्र पाच स्टार द्या म्हणून मागे लागते.

मुलीचं डोकं त्यानंतर दुखलं नाही. तिनं तुम्हाला थँक्यू सांगितलं आहे अन् आईकडून सॉरी वसूल केलं आहे.

बरं, माझ्या भावाची गाडी पण सकाळी टिकटिक करून राहिली, त्यालाही कोणीतरी टॅपेटच सांगितले आहेत. पुढच्या आठवड्यात पाठवतो. रात्रीच आणून ठेवायला सांगितलं आहे, अन् डिक्की रिकामी करून आण म्हटलं, त्यात त्याचं अर्धं दुकान भरलेलं असते.