कॅल्क्युलेटर घेतला, पैसे परत पाठवलेत

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी कामाचं. कॅल्क्युलेटर घेतला. नवा नाही, वापरलेला. तुम्ही पाठवलेल्यातले बरेचसे पैसे परत तुमच्या खात्यात टाकलेत. बाबा, लगेच फोन करू नका, आधी पूर्ण वाचा.

तुम्हाला माझ्यासाठी रंगीत पडद्याचा, कोरा करकरीत हवा होता. ‘या वयात नोकरी सोडून शिकतेय, निदान हत्यार तरी चांगलं असू दे’ असं तुम्ही म्हणालात, ते आईने मला सांगितलंय. पण आमच्या परीक्षेत ग्राफिंग, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारा, कॅल्क्युलेटर चालतच नाही. तिथे माझा जुना कॅसिओ ९९१ ईएसच न्यायचा. हा फक्त घरच्या टेबलावरचा.

मग घेतलासच कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न. एसी सर्किटमध्ये जवळपास प्रत्येक आकड्याला काल्पनिक, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाचा, भाग चिकटलेला असतो. ९९१ समीकरणं सोडवतो, पण त्याला सहगुणक वास्तव लागतात. वास्तव आणि काल्पनिक वेगळं केलं की दोन समीकरणांची चार होतात, आणि तो तीन चलांच्या पुढे जात नाही. टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये चार समीकरणांची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, मावते, पण तिच्यातही काल्पनिक संख्या घालता येत नाही, म्हणजे फोड करणं आलंच. मी घेतलाय तो टीआय-८९ टायटॅनियम, २००४ सालचं मॉडेल. याला समीकरणं काल्पनिक भागासकट आहेत तशी दिली तरी चालतात, आणि इंटिग्रेशन तो अक्षरांत करून देतो. एचपी ५०जी पण हातात घेऊन बघितला. त्यात आधी दोन्ही आकडे द्यायचे आणि अधिकचं चिन्ह शेवटी. बाबा, तुम्हाला आवडला असता. आधी सगळं सामान बांधायचं आणि मग कुठे जायचं ते ठरवायचं, हे तुमचंच.

पडदा काळा-पांढरा, १६० बाय १०० ठिपक्यांचा, रेघा दातेरी दिसतात. पण काल रात्री रेझोनन्सचा, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला करंट एकदम वाढतो त्याचा, आलेख काढला. रोध कमी केला की सुळका, वाढवला की बसकी टेकडी. हे सूत्र वहीत कितीदा लिहिलं असेल, दिसलं मात्र काल. तासभर तेच करत बसले, अभ्यास राहिला.

विकणाऱ्याने सेल आतच ठेवून दिले होते. झाकण काढलं तर स्प्रिंगवर पांढरी, हिरवट झाक असलेली पूड. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून घासलं, बारीक फेस आला, मग कोरडं पुसून चार नवे सेल घातले. चालू झाला. आणि पहिलंच उत्तर चुकीचं! साइन ३० चं उणे ०.९८८. फसले म्हणून रडूच आलं. मग लक्षात आलं, तो कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात धरत होता. अंशांत आणला, ०.५ आलं.

बाबा, मी आकडे दाबून झाले की तुम्ही पडद्यावर तळहात ठेवायचात. ‘आधी अंदाज सांग, मग हात काढतो.’ मी बोटं उचकटायचे आणि तुम्ही हसायचात. तुमच्या हाताला तेव्हा शाईचा वास यायचा. त्या रात्री उणे उत्तर बघून आधी तोच हात आठवला. आई, ९९१ ला तू माझ्या निळ्या फ्रॉकची शिवलेली खोळ अजून आहे. नव्याला मोठी लागेल. घाई नाही, डोळ्यांना ताण देऊन शिवू नकोस.

आता ऐका. बीपीचं मशीन महिनोन्‌महिने कपाटात पडून असतं, त्यातले सेल आजच काढा. मशीन वापरणार असाल तर रोज वापरा. जिना चढून आल्या आल्या मोजायचं नाही, पाच मिनिटं टेकून बसायचं, हात छातीच्या पातळीला ठेवायचा. आकडा वहीत लिहायचा, ‘साधारण बरं आहे’ असं लिहायचं नाही. आई, वही तू ठेव.

आणि परत केलेले पैसे मोतीबिंदूसाठी आहेत, बाबा. मला रागावा हवं तर, पण ते पुन्हा इकडे पाठवू नका. डावा डोळा आधी, डॉक्टर म्हणालेत तसं. ‘तुझी परीक्षा होऊ दे मग बघू’ हे नको. सुट्ट्यांचं वेळापत्रक सोबत जोडलंय, त्यातली कुठलीही तारीख घ्या, मी येते. येताना कॅल्क्युलेटर आणीन. पट्टी सुटली की पडद्यावरचे ठिपके मोजून दाखवा.

तुमची,
छोटी