खिडकीतल्या कुंडीबद्दल

॥ श्री ॥

लिस्बन
रविवार, २२ जून २०२५

ती. आई-बाबा आणि ती. आजी यांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, वजन एक किलोने वाढलंय, तेव्हा आई, "गालफडं बसली" हे वाक्य यापुढे बाद. ऑफिसचं तेच ते, फोनवर ऐकताच. पत्र एवढ्यासाठी की आजीला फोनवर ऐकू येत नाही, आणि दर दोन वाक्यांनी "काय म्हणता तां?" करून ती फोन वहिनीकडे देते. वहिनी, याचं प्रिंट काढून तिला सावकाश वाचून दाखव. शेवटचं पान मात्र बाबांचा चहा झाल्याशिवाय काढू नकोस.

आधी कुंडीचा खुलासा. तेरा तारखेला मी ग्रुपवर खिडकीचा फोटो टाकला आणि पाच मिनिटांत दादाने कुंडीभोवती लाल गोल काढून तो परत पाठवला: "ही कोणी दिली?" त्यावर आत्याचं हृदय. मग घरात जी कुजबुज झाली असेल ती मला इथे बसून ऐकू येत होती. तर ऐका.

त्या झाडाचं नाव मंझेरिकू. कानाला अगदी तुळशीची मंजिरी, आणि आहेही तिच्याच गोतावळ्यातलं: आपल्या सब्जाची बारीक पानांची जात. पान मुगाच्या डाळीएवढं, आणि झाड असं गोल वाढलेलं की हिरवा लाडू कुंडीत ठेवलाय असं वाटावं. वास तुळशीचा, पण मागून लवंग. जून लागला की भाजीवाल्याकडे, फुलवाल्याकडे, मेट्रोच्या तोंडाशी, जिथे बघाल तिथे याच कुंड्या. कारण १३ जून हा सांतु आंतोनियूचा दिवस. आपल्या शेजारी गोव्यात काही हरवलं की ज्या सेंट अँथनीला साकडं घालतात तोच हा; जन्म इथला, लिस्बनचा. इथे तो हरवलेल्या वस्तूंबरोबर न सापडलेले नवरेही शोधून देतो. आई, तू देव पाण्यात घालून बसतेस म्हणतेस ना, इथे जुन्या काळी लग्नाळू मुली खरोखरच घालायच्या, आणि तेही डोकं खाली पाय वर. नवरा मिळेपर्यंत देवाची सुटका नाही. नगरपालिका तर त्याच्या नावाने सामुदायिक लग्नंच लावते. १९५८ला सुरू झाली, १९७४च्या क्रांतीनंतर बंद पडली, १९९७ला पुन्हा सुरू. दर वर्षी १६ जोडपी. (नाही, मी नाव दिलेलं नाही.)

तर पूर्वी मुलगा मुलीला ही कुंडी द्यायचा. आता आई मुलीला देते, शेजारीण शेजारणीला देते, ऑफिसात साहेब रिसेप्शनवर ठेवतो. कुंडीत कागदाचं एक कार्नेशनचं फूल खोचलेलं असतं, आणि काडीला चिमुकलं निशाण. निशाणावर चार ओळींची कविता. प्रेमाची, थट्टेची, कधी चावट. आता मुख्य गोष्ट: याला नाक लावायचं नाही. मी पहिल्या वर्षी दुकानात सरळ वाकून वास घेतला, तर दुकानदारीण अशी ओरडली की मला वाटलं पाल पडली. नाक लावलं की झाड मरतं, असं म्हणतात. मग वास कसा घ्यायचा? तळहात झाडावर ठेवायचा, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतो तसा हलकेच फिरवायचा, आणि मग आपल्या हाताचा वास घ्यायचा. म्हातारे, पोरं, टाय लावलेले वकील, सगळे रस्त्यात उभे राहून आपापला हात हुंगत असतात. श्वासाच्या उष्णतेने पानं जळतात म्हणे. ऑफिसातल्या एकाने तर मला शास्त्रीय कारण सांगायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या वाक्यात तोच अडकला. पण नाक कोणीच लावत नाही. संध्याकाळनंतर तुळशीचं पान तोडायचं नाही, हे आजीने मला कारण न देता शिकवलं आणि मी ते आजवर पाळते, तेव्हा हसायला मी कोण? एवढी निगा राखूनही ते पावसाळी झाडासारखं काही महिन्यांत वाळतंच. पुढच्या जूनला नवीन आणायचं.

बाबा, त्या चार ओळींची गंमत खास तुमच्यासाठी. फेर्नांदु पेसोआ हा यांचा आधुनिक काळातला सगळ्यात मोठा कवी. जन्म १३ जून १८८८, ऐन या सणाचा, म्हणून मधलं नाव आंतोनियू. आयुष्यभर इथल्या व्यापारी पेढ्यांत परकी भाषांतली पत्रं लिहून पोट भरलं, म्हणजे तुमच्यासारखाच टेबलाशी बसणारा माणूस. तो निरनिराळ्या नावांनी लिहायचा, आणि नुसती नावं नव्हेत: प्रत्येकाची कुंडली वेगळी, धंदा वेगळा, लिहायची ढब वेगळी. १९३५ला गेला तेव्हा ट्रंकेत २५,०००च्या वर कागद निघाले. असा अवघड माणूस, आणि त्याने या कुंडीवरच्या चालीच्या ३००हून जास्त चौओळ्या लिहून ठेवल्यात. आपल्या एखाद्या दुर्बोध नवकवीने फावल्या वेळात उखाणे रचावेत तसं. मला त्याचं बाकीचं अजून अर्धंच कळतं, या मात्र कळतात. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची सवय कामाला येते.

पुस्तकांवर किती उडवलेस, हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. १९३०पासून भरणारी पुस्तकांची जत्रा चालू होती, मोठ्या बागेच्या उतारावर, जांभळ्या जॅकरांडाखाली. काही रात्री शेवटच्या तासाला जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत देतात, मी तेवढ्यालाच जायचे. एकच घेतलं: अगुआलूझा नावाच्या अंगोलाच्या लेखकाने गोव्यावर लिहिलेली कादंबरी. बांद्याचा नाका ओलांडला की जो मुलूख लागतो तो मी आठ हजार किलोमीटरवर बसून डिक्शनरी घेऊन वाचते आहे. आई, तुझ्यासाठी एका पुस्तकातला फोटो नुसताच बघून आले. झुआना वाश्कोंसेलुश नावाची शिल्पकार आहे, तिने स्टीलची पातेली आणि झाकणं रचून उंच टाचांच्या चपला केल्यात, माणसाहून उंच. तू म्हणशील, एवढी पातेली घासायची कोणी.

आता काळज्यांकडे वळते.

२८ एप्रिलला मी फोन मुद्दाम बंद ठेवला नव्हता. सकाळी साडेअकराला अख्ख्या पोर्तुगाल-स्पेनची वीज गेली, टॉवरही गेले. मी चार जिने चढून घरी आले आणि चौकात एका म्हाताऱ्याच्या ट्रान्झिस्टरभोवती वीस जणांत उभी राहिले. घाबरले नव्हते. सावंतवाडीच्या मुलीला वीज जाण्याचं कौतुक काय सांगता!

बाबा, तुम्ही पाठवता त्या क्लिपा बघते. डिसेंबरात पोलिसांनी स्थलांतरित माणसं भिंतीला हात लावून ओळीने उभी केली ती गल्ली माझ्या घराजवळचीच. कोथिंबीर मी तिथूनच आणते. मला कोणी काही केलेलं नाही. जानेवारीत त्याविरुद्ध हजारो लोक चालले, "आम्हाला भिंतीला लावू नका" म्हणत, त्यातले बहुतेक पोर्तुगीजच. मी लांबून बघितलं. बरं, अर्धा तास चालले. आणि स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाची मतं वाढली त्या मे महिन्याच्या निवडणुकीवरून तुम्ही देशाची पारख करता तर हेही मोजा: १० जून हा यांचा राष्ट्रीय दिवस, तुमच्याकडे त्याच दिवशी आई वडाला फेऱ्या मारत होती. त्या दिवशी लागुश गावात, जिथे सहाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले गुलाम विकले जायचे, लिडिया झोर्झ ही कादंबरीकार राष्ट्रपतींसमोर बोलली. इथे कोणाचंच रक्त शुद्ध नाही, गुलामाचं आणि त्याला गुलाम करणाऱ्याचं, दोघांचंही रक्त आपल्या अंगात आहे, असं ती तोंडावर सांगत होती. आम्ही टीव्हीवर बघत होतो. माझ्या घरची आझी वाटाणे सोलायची थांबली, "बरोब्बर" म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. (मी हिला "आजी" म्हणते, तिच्या तोंडात त्याचं "आझी" होतं. हिच्याकडेच माझी खोली.)

अहमदाबादच्या विमानाची बातमी इथे सकाळीच कळली. ऑफिसात माझ्याशी कोणी मोठ्याने बोललं नाही. त्याच रात्री, १२ जूनला, शहर नाचायला निघालं होतं. मी गेले. हे लपवत नाही, आणि का गेले हे नीट सांगताही येत नाही. घरात बसवत नव्हतं. दारोदार शेगड्यांवर तारले भाजतात, पावावर ठेवून खातात, त्या धुराचा वास आपल्या परसातल्यासारखाच. मग मोठ्या रस्त्यावर एकेका वस्तीची मिरवणूक निघते, हातात दिव्यांच्या कमानी, दर वर्षी नवे कपडे, नवं गाणं, आणि कोणती वस्ती पहिली येते यावर भांडणं. १९३२पासूनची ही स्पर्धा. आझी आमच्या मोराऱ्याच्या वस्तीतून तरुणपणी नाचलेली, त्यामुळे तिचं भाष्य चालू: हिचे हात बघ, तो ताल चुकला. मी विचारलं, हे सगळे आपल्या गल्लीतले? म्हणाली, छे! पुष्कळ जण आता नदीपलीकडे राहतात, भाडी परवडत नाहीत. जूनपुरते येतात. सरावाला रात्री बोटीने यायचं, शेवटच्या बोटीने जायचं. मला एकदम लालबाग-परळहून चतुर्थीला उतरणारे आपले चाकरमानी दिसले, पाठीवर माटवीचं सामान आणि तोंडाने "यंदा तरी रस्तो झालो काय?"

रोजच्या वाटेवर, रुआ द साँव तोमेला, फुटपाथच भिंतीवर चढलाय. काळ्या-पांढऱ्या दगडी चौकोनी तुकड्यांतून फादू या इथल्या गाण्यांची राणी अमालिया रोद्रिगेश हिचा चेहरा. भिंती खोदून चेहरे काढणाऱ्या व्हिल्श नावाच्या कलाकाराने शहराच्या फरशी बसवणाऱ्या कामगारांना घेऊन २०१५मध्ये केला. पाऊस पडला की पाणी तिच्या डोळ्यांवरून ओघळतं आणि ती रडते, तशीच ती योजना आहे. मार्चमध्ये छत्रीखाली उभी राहून बघितलं. दगडांच्या फटींत पाणी थांबतं, मग एकदम गालावर येतं. तिकडे आता मृग कोसळतोय आणि आंगण शेवाळलं असेल. आजीला एकटीला विहिरीकडे जाऊ देऊ नका.

आता शेवटचं पान. वहिनी, चहा झाला ना?

आई, कुडाळच्या मुलाचा फोटो बघितला. चांगला आहे. पुण्यात फ्लॅट आहे हे तू तीनदा सांगितलंस, तिन्ही वेळा कळलं. मी नाही म्हणत नाही. पण "चतुर्थीला मुलगी येतेच आहे, तेव्हा बघून घ्या" असं त्यांना सांगितलं असेल तर जरा थांबवा. मी यंदा चतुर्थीला येत नाही.

तिकिटाचे ८०० युरो बाजूला ठेवले होते, ते गेले. आझी स्वतः भाडेकरू आहे, चाळीस वर्षांची. इमारत विकली गेली. घेणाऱ्यांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्यात. ती जुलैअखेर नदीपलीकडे बरैरूला लेकीकडे जाते, मला नवी खोली बघावी लागली. महिना ५५० युरो, वर दोन महिन्यांची अनामत. खोली चांगली आहे, खिडकी आहे, घरात सगळ्या मुलीच आहेत. हे तुम्हाला महिनाभर सांगितलं नाही, कारण बाबा म्हणाले असते "परत ये", आणि मला उत्तर सुचलं नसतं. इथे "पगार" म्हणजे पैसे देणे. घेणे नव्हे. या महिन्यात त्याचा अर्थ नीट कळला.

आणि कुंडी आझीनेच दिली, दादा. निशाणावरचं छापील काढून टाकून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्यात, अक्षर कापरं. मी आपल्या मराठीत बसवल्या. आजीला म्हणून दाखवा, चाल तिला कळेल:

कुंडी दिली तुझ्या हाती,
घर नाही माझ्या हाती;
पाणी घाल दिसाराती,
वास राहो तुझ्या हाती.

गणपतीला पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉल लावा, आरती अर्धी झाल्यावर नको. माझ्या वाटणीचे मोदक वहिनीने खावेत, दादाने नव्हे.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, २० तारखेला पंधरा हजारच पाठवलेत. आजीच्या चष्म्याचे त्यातून आधी वेगळे काढा, बाकीचं ऑगस्टात भरून काढते. आणि दादा, आत्याला तू सांग. मी सांगितलं तर ती पुन्हा हृदय पाठवेल.