बाजारपेठेच्या पाठीमागे राहणाऱ्यांसाठीही बांधकामाचे नियम हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या पुढील विकास योजनेबद्दल जी चर्चा चालू आहे, तिच्यात मेट्रो, नवे रस्ते, उड्डाणपूल आणि शहराची वाढती हद्द यांना भरपूर जागा मिळते. मात्र शहराच्या जुन्या मध्यभागात बाजारपेठ जिथे संपते आणि राहती घरे जिथे सुरू होतात, त्या ठिकाणाबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. भूमी-वापराच्या नकाशात निवासी भाग पिवळा आणि व्यावसायिक भाग निळा दाखवलेला असतो. हे दोन रंग एकमेकांना टेकतात तिथे कागदावर नुसती रेघ असते. प्रत्यक्षात मात्र तिथे एखादी सामाईक भिंत किंवा चार-पाच मीटरची गल्ली असते आणि तिच्या पलीकडे माणसे राहत असतात. या रेघेला लागून उभ्या राहणाऱ्या इमारतींसाठी वेगळे, लेखी आणि बंधनकारक नियम असावेत, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

साउथ तुकोगंजच्या ज्या भागात आम्ही राहतो, तिथून मुख्य रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. मुख्य रस्त्यावरील शोरूमची दर्शनी बाजू काचेची, चकचकीत असते आणि समोर फरशी धुऊन घेतलेली असते. त्याच इमारतीची मागची बाजू आमच्या गल्लीत येते. तिथे भिंतीवर एसीची बाहेरची यंत्रे एकाखाली एक टांगलेली आहेत. त्यांची गरम हवा समोरच्या घरांच्या खिडक्यांत शिरते आणि त्यांचे पाणी ठिबकून गल्लीच्या फरशीवर हिरवे शेवाळ धरते. खाली जनरेटर ठेवलेला आहे, त्याच्या शेजारी पुठ्ठ्यांचा ढीग, आणि मूळ नक्शात असेल असे वाटत नाही असे एक लोखंडी शटर. माल त्या शटरमधून आत जातो, कारण मुख्य रस्त्यावर ट्रक उभा करू देत नाहीत. रात्री दहानंतर लोखंडी चाकांची ट्रॉली फरशीवरून ओढली जाते, तेव्हा गल्लीतल्या शेवटच्या घरातही आवाज पोहोचतो. यातली कोणतीही एक गोष्ट फार मोठी नाही, पण या सगळ्यांसह रोज राहावे लागते. रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज या भागांतील परिचितांकडूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते.

दुकानांना आमचा विरोध नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. राजवाड्याच्या आसपास, सराफ्यात, खजुरी बाजारात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि त्या वस्त्या त्यामुळेच जिवंत राहिल्या. परंतु तिथे खालचे शटर ओढणारा माणूस वरच्या मजल्यावरच झोपत असे. आवाज, धूर, कचरा यांचा त्रास प्रथम त्याच्या स्वतःच्या घरालाच होई, त्यामुळे मर्यादा आपोआप पाळली जाई. आजचा शोरूमचालक विजयनगरच्या पलीकडे राहतो, किंवा मालकी मुंबईच्या अथवा बंगळुरूच्या कंपनीकडे असते. जी मर्यादा पूर्वी नात्यातून आणि शेजारातून येत होती, ती आता नियमातूनच यावी लागेल.

आज नियम कसे चालतात? मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ आणि शहराची विकास योजना यांनुसार इमारतीची उंची, एफएआर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम करता येईल ते प्रमाण) आणि सभोवती सोडायची मोकळी जागा, म्हणजेच आपण ज्याला एमओएस म्हणतो ती, मुख्यतः प्लॉटचा आकार, त्याचा वापर आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरते. समोरचा रस्ता रुंद असला की इमारत उंच होऊ शकते. पाठीमागे काय आहे, दुसरा बाजार आहे की एकमजली घर आहे, याचा हिशेब या गणितात फारसा येत नाही.

याचा परिणाम मोजून दाखवता येतो. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवरच असतो, आणि इमारत जितकी उंच, जवळपास तितकीच लांब तिची सावली उत्तरेकडे पडते. मुख्य रस्त्याच्या उत्तरेला १८ मीटर उंचीची पाच मजली इमारत उभी राहिली आणि तिने मागे ४.५ मीटर जागा सोडली, तरी साधारण १४ मीटर सावली तिच्या हद्दीबाहेर जाते. मध्ये ४.५ मीटरची गल्ली धरली, तर समोरच्या घराची दर्शनी बाजू जवळजवळ सव्वानऊ मीटरपर्यंत, म्हणजे तळमजला आणि त्यावरचे दोन मजले, भर दुपारी सावलीत राहते. मार्गशीर्ष-पौषातल्या इंदुरी थंडीत घरातील वृद्धांना दुपारचे ऊन किती हवेसे असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

यावर जगात उपाय झालेले आहेत आणि ते नवे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगने आसपासचे रस्ते आणि इमारती सावलीत घातल्या, त्यावरून झालेल्या आरडाओरड्याचा परिणाम म्हणून १९१६ च्या नियमांत इमारतींना वर जाताना पायरीपायरीने मागे सरकायला लावले गेले. टोरोंटो शहराने २०१० मध्ये मध्यम उंचीच्या इमारतींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे केली, त्यांत मागच्या निवासी हद्दीकडून ४५ अंशांत वर चढणाऱ्या काल्पनिक तिरक्या रेषेची मर्यादा घातली होती; इमारतीने त्या रेषेच्या वर डोके काढायचे नाही. घरांची गरज वाढल्यावर त्या शहराने ही अट अलीकडे सैल केली, आणि तीही गोष्ट आपण ध्यानात घ्यायला हवी, कारण अट फार कडक केली तर लहान प्लॉटवर काहीच बांधता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की ही तिरकी रेषा जमिनीपासून न धरता मागच्या हद्दीवर १० मीटर उंचीपासून धरावी. एवढी उंची साध्या तीन मजली घराचीही असते, तेव्हा तेवढी सावली शेजाऱ्याने सोसावी हे न्याय्य आहे. वरच्या उदाहरणातील १८ मीटरच्या इमारतीला हा नियम लावला, तर तिच्या फक्त शेवटच्या मजल्याचा मागचा साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा कमी होतो. त्याच्या बदल्यात समोरच्या घराची सावली सव्वानऊ मीटरवरून सहा मीटरवर येते, म्हणजे त्या घराचा एक आख्खा मजला उन्हात येतो. बांधकाम करणाऱ्याचे नुकसान आणि शेजाऱ्याचा लाभ यांची अशी तुलना केल्यावर या नियमाला विरोध करणे कठीण जावे. निवासी भाग उत्तरेला असेल तिथे हा नियम सक्तीचा ठेवावा. दक्षिणेला असेल तिथे थोडी सूट द्यायलाही हरकत नाही.

आवाजाच्या बाबतीत तर कायदाच दोन रंगांमध्ये अडकून पडलेला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे व्यावसायिक क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलपर्यंत मर्यादा आहे, तर निवासी क्षेत्रात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. डेसिबलच्या मोजमापात १० चा फरक म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहापट फरक. एका वीटभिंतीच्या अलीकडे जे कायदेशीर ते पलीकडे बेकायदेशीर, अशी स्थिती असताना मोजणी कुठे करायची, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. सीमेवरील इमारतींसाठी मोजणी समोरच्या घराच्या खिडकीपाशी व्हावी आणि तिथे निवासी मर्यादाच लागू व्हावी, असे एका वाक्यात लिहिले तरी निम्मे वाद मिटतील. जनरेटरच्या धुराड्याची उंची, तो ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीपेक्षा किती जास्त असावी याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्रही आहे. १०० केव्हीए क्षमतेला ती इमारतीहून २ मीटर अधिक येते. प्रत्यक्षात कित्येक धुराडी मागच्या एमओएसमध्ये, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर उघडलेली दिसतात. नक्शा पास करताना जनरेटर, एसीची यंत्रे, स्वयंपाकघराची चिमणी आणि कचऱ्याची जागा हे सर्व नकाशात दाखवणे बंधनकारक केले आणि ते मुख्य रस्त्याच्या बाजूला किंवा गच्चीवर आडोशाने ठेवायला लावले, तर नंतर तक्रारीच कमी येतील.

परंतु मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती प्लॉट जोडण्याच्या प्रकाराची. आमच्या पिढीतील अनेकांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झाली आहेत. घर राखणे होत नाही, म्हणून ते विकले जाते, आणि त्यात कोणाचाही दोष नाही. मात्र मुख्य रस्त्यावरच्या प्लॉटचा मालकच मागचे घर विकत घेतो, दोन्ही प्लॉट एकत्र होतात, आणि एका रात्रीत शोरूमचा मागचा दरवाजा निवासी गल्लीच्या मध्यावर येऊन उभा राहतो. मग त्याच्या शेजारचे घर विकायला निघते, कारण तिथे राहणे अवघड झालेले असते. निळा रंग असा एकेक घर करत पिवळ्यात पाझरतो, आणि त्यासाठी नकाशात कोणताही बदल जाहीर करावा लागत नाही. म्हणून जोडलेल्या प्लॉटचा गल्लीकडचा भाग निवासीच राहील, त्याला निवासी एमओएस आणि निवासी उंचीच लागू होईल, आणि गल्लीकडे मालाचा, ग्राहकांचा किंवा वाहनांचा कोणताही दरवाजा उघडणार नाही, ही अट परवानगीतच लिहिली गेली पाहिजे. पार्किंगचा प्रवेश गल्लीतून देऊ नये, हे त्यातच आले. जाहिरातींच्या फलकांचा प्रकाश खिडक्यांवर पडू नये आणि मागच्या खिडक्यांना वरच्या अर्ध्या भागातच पारदर्शक काच असावी, या बाबी त्यामानाने सोप्या आहेत.

हे सारे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ यात विकास योजनेच्या खालच्या पातळीवर परिक्षेत्रिक योजना करण्याची तरतूद कलम २० आणि २१ मध्ये आहे, आणि वस्तीनिहाय तपशील ठरवण्यासाठीच ती आहे. २००८ पासून लागू असलेल्या विकास योजनेचे लक्ष्यवर्ष २०२१ होते. ते उलटले, तरी या पातळीवरचे काम आपल्या शहराच्या मध्यभागात रहिवाशांना जाणवेल असे झालेले नाही. याच शहरासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला १९१८ साली दोन खंडांचा अहवाल दिला होता. जुन्या वस्त्यांवर सरळसोट रस्ते ओढून त्या उद्ध्वस्त करण्यापेक्षा गल्लीगल्लीत फिरून, पाहून, मोजकेच पाडून सुधारणा करावी, हा त्यांचा आग्रह होता. ती पद्धत आज आमच्या गल्ल्यांना हवी आहे.

काही जण म्हणतील की अशा अटींमुळे मध्यभागातील जमिनीची किंमत उतरेल. मुख्य रस्त्याच्या बाजूला पूर्ण उंची मिळणारच आहे, आणि मागे कमी झालेल्या क्षेत्राची भरपाई हस्तांतरणीय विकास हक्कांतून, म्हणजे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याच्या किंवा विकण्याच्या सोयीतून, करता येईल. राज्याने त्यासाठी २०१८ मध्ये नियम केलेले आहेत. नियम आधी न करता नंतर तोडफोड करण्याची किंमत मात्र फार मोठी असते. मेरठच्या शास्त्रीनगरमध्ये निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली आणि वर्षानुवर्षे चालली. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम केला. ज्यांनी तिथे चांगल्या विश्वासाने दुकान घेतले होते, त्यांचेही त्यात नुकसान झाले. त्याच निकालात न्यायालयाने देशभरासाठी असे सांगितले आहे की बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे. इंदूरमध्ये त्या फलकावर दर्शनी भागासोबत मागच्या भिंतीचाही नकाशा असावा आणि तो फलक मागच्या गल्लीतही लावला जावा.

अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत नुसता रंगीत नकाशा पाहून आपल्या घरामागे काय उभे राहू शकते हे सामान्य माणसाला कळणे शक्य नाही. म्हणून नगर तथा ग्राम निवेश विभागाने मसुद्यासोबत व्यावसायिक आणि निवासी क्षेत्रांच्या सीमेवरील गल्ल्यांची यादी द्यावी, प्रत्येक प्रकारच्या गल्लीचा उंची दाखवणारा छेद-नकाशा जोडावा, आणि ही सामग्री नगर निगमाच्या प्रत्येक झोन कार्यालयात हिंदीत पाहायला ठेवावी. मराठी भाषिक वस्त्यांमधील रहिवासी संघांनीही मसुदा निघण्याची वाट न पाहता आपापल्या गल्लीची रुंदी, मागच्या इमारतींची उंची आणि गल्लीत उघडणारी शटरे यांची नोंद आतापासून करून ठेवावी, म्हणजे ३० दिवसांत लेखी हरकत पुराव्यासह देता येईल.

आपला नम्र,
एक वाचक,
साउथ तुकोगंज, इंदूर