डे रिटर्न काढू नका

ब्रायटन

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

व्हॉट्सअॅपवर लिहिलं की ते सुप्रभातांच्या फुलांखाली गडप होतं, म्हणून ताईच्या पत्त्यावर कागदच पाठवतोय. बाबा, हा पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

ताई म्हणाली, तुम्ही गुरुवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत लंडनला, हॅरोला तिच्याकडे जायचं ठरवलंय. माझं म्हणणं, डे रिटर्न, म्हणजे त्याच दिवशी परतीचं तिकीट, काढू नका. राहायला या. निदान दोन रात्री. आधी रस्ता सांगतो.

हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी घ्या, पण पाटीवर 'ऑल्डगेट' असेल तीच. काही गाड्या बेकर स्ट्रीटलाच संपतात. उतरायचं फॅरिंग्डनला. बाबा, जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली पॅडिंग्टनहून निघाली ती इथपर्यंतच, म्हणजे बोरीबंदर-ठाण्यानंतर दहा वर्षांनी. त्याच स्टेशनात शेजारच्या फलाटावर थेम्सलिंकची गाडी येते. लिफ्ट आहे, आईला जिने नाहीत. एकाच फलाटावरून वेगवेगळीकडच्या गाड्या सुटतात, तेव्हा इंडिकेटरवर 'ब्रायटन' वाचल्याशिवाय चढू नका. अर्थात, कल्याणच्या फलाटावर कसारा फास्ट आणि बदलापूर स्लो ओळखण्यात ज्यांची हयात गेली त्यांना मी काय सांगणार!

आणि बाबा, तुमच्यासाठी खास. उत्तरेकडून ती गाडी २५ केव्हीच्या ओएचईवर, म्हणजे डोक्यावरच्या तारेवर येते. फॅरिंग्डनला उभी असतानाच पॅन्टो खाली घेते आणि पुढे ब्रायटनपर्यंत थर्ड रेलवरून, म्हणजे शेजारच्या विजेच्या रुळावरून, ७५० व्होल्ट डीसीवर धावते. तुम्ही रेल्वेतल्या लोकांनी रात्र-रात्र ब्लॉक घेऊन डीसीचं एसी केलंत, इथे रोज दर गाडीला एसीचं डीसी होतं. दोन वर्षांपूर्वी मी डॅनियलबद्दल सांगितलं, त्यानंतर तुम्ही कितीतरी दिवस फोनवर आलाच नाहीत. मग एकदम मेसेज आला, 'तुमच्याकडे थर्ड रेल आहे ना?' त्याचं सविस्तर उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हे.

फॅरिंग्डनहून सव्वा तास लागतो. सीट पाटासारख्या कडक आहेत, आईसाठी शाल घडी करून ठेवा. ब्लॅकफ्रायर्सला फलाटच थेम्स नदीवर आहे, डावीकडे बसलात तर टॉवर ब्रिज दिसेल. गॅटविक विमानतळ गेला की घरं विरळ होतात. मग बाल्कमनंतर ३७ कमानींचा पूल लागतो. गाडीतून पूल दिसत नाही, फक्त खाली एकदम हिरवी दरी उघडते. १८४१ सालचं, विटांचं बांधकाम आहे. साधारण १ कोटी १० लाख विटा. त्यानंतर तीन बोगदे, आणि थोड्या वेळात ब्रायटन. गाडी तिथेच संपते, त्यामुळे स्टेशन चुकायची भीती नाही.

रविवारी मात्र येऊ नका. इथेही मेगाब्लॉक असतो, अर्ध्या रस्त्यात उतरवून बसमध्ये बसवतात. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारीही नको, तेव्हा प्राइड, म्हणजे समलिंगी वगैरे लोकांचा उत्सव आणि मोर्चा असतो. स्टेशनाबाहेर रांगा लागतात आणि बसचे मार्ग बदलतात. २०२३ साली तर चालकांनी ओव्हरटाइम बंद केला होता आणि त्या शनिवारी ब्रायटनला एकही गाडी आली नाही.

आई, तू ताईला हळूच विचारलंस ना, 'तिथे सगळे तसेच असतात का गं?' तर ऐक. २०२१ च्या जनगणनेत इथल्या १६ वर्षांवरच्या लोकांपैकी १०.७ टक्क्यांनी आपण समलिंगी, उभयलैंगिक वगैरे असल्याचं लिहिलं. इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा सगळ्यात मोठा. म्हणजे दहातले नऊ जण तुझ्यासारखेच आहेत, तू एकटी पडणार नाहीस. बाकीचे कसे दिसतात म्हणशील, तर आमच्या खालच्या मजल्यावर दोन आजोबा राहतात. दोघांना ऐकू कमी येतं. कचऱ्याचा डबा कोणी बाहेर ठेवायचा यावरून ते दर आठवड्याला भांडतात आणि अख्ख्या जिन्याला ते ऐकू जातं. १९७३ साली इथे पहिला प्राइड मोर्चा निघाला तेव्हा त्यातले एक त्यात चालले होते. माणसं अगदी थोडी होती, फुटपाथवरून लोक बघत उभे होते, असं ते सांगतात. आता त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. मी लंडन सोडून इथे का आलो, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर बरंचसं हेच आहे.

आता मुद्द्याचं. गुरुवारी माझी ड्युटी तीनला सुटते. स्टेशनवर मी नसेन, डॅनियल असेल. गेटच्या बाहेर, घड्याळाखाली. व्हिडिओवर पाहिलाय तेवढाच, पण उंच आहे, लगेच दिसेल. पिशवी त्याला घेऊ दे, आई, नको-नको करू नकोस. बाबा, त्याला रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकायची तयारी आहे.

स्टेशनासमोरून सात नंबरची बस सेंट जेम्स स्ट्रीटवरून जाते, आमची गल्ली तिथेच. इथल्या बसना गावातल्या दिवंगत माणसांची नावं दिलेली असतात, पुढच्या बाजूला बघा. कार्ड टेकवलं की झालं.

सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं म्हटलं तर जेवणं उरकून लगेच उठावं लागेल. व्होक्सची रेल्वे राहील. १८८३ सालची, समुद्राकाठाने धावते, जगातली सर्वात जुनी चालू विजेची गाडी. आपल्याकडे व्हीटी-कुर्ला विजेवर आली १९२५ मध्ये. रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे इथला जुना राजवाडाही राहील. बाहेरून घुमट बघून वाटतं, एखाद्या नवाबाचा वाडा उचलून आणलाय. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ तिथे होतं, जातीधर्माप्रमाणे स्वयंपाकघरं वेगळी. २०१४ साली समलिंगी लग्नाचा कायदा लागू झाला त्या रात्री बारा वाजून गेल्याबरोबर दोन पुरुषांचं लग्न लागलं तेही तिथेच. तुम्हाला ती जागा मला दाखवायची आहे. का, ते भेटल्यावर बोलू.

झोपायचं म्हणाल तर आमची खोली तुम्हाला, आम्ही बाहेर सोफ्यावर. अवघडण्यासारखं काही नाही.

साठीच्या वरच्यांना सीनियर रेलकार्डवर एक तृतीयांश सूट मिळते. आपल्याकडची २०२० मध्ये बंद झालेली सवलत इथे वसूल करा. साडेनऊनंतर निघा आणि जाण्याचंच तिकीट काढा. परतीचं ब्रायटनच्या खिडकीवर काढू, कधीचं ते ठरलं की.

तुमचा,
निखिल

ता. क. आई, इथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. चप्पल नको, बूट घालून ये. आणि हातात खायला काही असलं तर वर लक्ष ठेव, सीगल झडप घालतात.